दुर्बिणीला जवळचं आणि लांबचं एकदम कसं दिसतं?

'दुर्बीण' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. दूरचं दाखवते ती दुर्बीण. गंमत अशी की दवाखान्यात आपण हा शब्द अगदी उलट कामासाठी वापरतो. "डॉक्टर, दुर्बिणीतून तपासायला सांगितलंय" असं पेशंट म्हणतो तेव्हा ती दुर्बीण त्याच्या जठराच्या अस्तरापासून एखाद्या सेंटिमीटरवर असते, कधी दोन-तीन मिलिमीटरवरच. तिला जठराचं पलीकडचं टोकही दिसायला हवं आणि नाकासमोरचा मोहरीएवढा व्रणही. दोन्ही स्पष्ट. आणि हे सगळं करंगळीहून बारीक नळीच्या टोकावर बसवलेल्या भिंगातून.

एन्डोस्कोपी म्हणजे काय, उपाशीपोटी का यायचं, दुखतं का, हे नेहमीचे प्रश्न. पण स्कोपला नेमकं किती अंतरावरचं नीट दिसतं, हे सहसा कोणी विचारत नाही. लहान गाठ दिसणार की निसटणार हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. थोडं भौतिकशास्त्रही येईल, पण घाबरू नका, बारावीच्या पुढे जाणार नाही.

आधी मोबाइलवर करून बघण्यासारखा एक प्रयोग. मुंबई-अहमदाबाद महामार्गाने डहाणूकडे येताना चारोटीच्या पुढे विवळवेढे लागतं. पायथ्याशी महालक्ष्मीचं देऊळ आणि मागे तो ओळखीचा उभा सुळका. चैत्री पौर्णिमेला इथली जत्रा सुरू होते आणि डोंगरमाथ्यावर ध्वज लावला जातो. जत्रेतल्या एखाद्या दुकानासमोर उभं राहून मोबाइलने फोटो काढा. दुकानातल्या बांगड्या आणि मागचा डोंगर, दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतील. आता लग्नातल्या फोटोग्राफरच्या मोठ्या कॅमेऱ्याने, मोठं भिंग लावून तोच फोटो काढा. बांगड्या लखलखीत आणि डोंगर धूसर. मोबाइलचं भिंग इतकं लहान असतं की मागचं धूसर करायचं तर त्याला सॉफ्टवेअरची मदत घ्यावी लागते. 'पोर्ट्रेट मोड' म्हणतात तो हाच.

किती जवळपासून किती लांबपर्यंतच्या वस्तू स्पष्ट दिसतात, त्या पट्ट्याला इंग्रजीत 'डेप्थ ऑफ फील्ड' म्हणतात. मी त्याला 'स्पष्टतेचा पट्टा' म्हणणार आहे. (वारली चित्रात हा प्रश्नच नसतो. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला जवळचा माणूस आणि लांबचं झाड सारख्याच रेषेत, सारखंच स्पष्ट. आमच्या डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं जगभर गेली, ती बघताना मला नेहमी वाटतं की हा चित्रकार भिंगाच्या अटी मान्यच करत नाही. भिंगाला मात्र अटी आहेत.)

ती अट अशी. वस्तूच्या एका बिंदूपासून निघालेले किरण भिंगावर पसरून पडतात आणि भिंग त्यांना पुन्हा एका बिंदूत आणतं. पण फक्त ठरावीक अंतरावरच्या वस्तूसाठी. त्याहून जवळच्या किंवा लांबच्या वस्तूच्या बिंदूचा पडद्यावर बिंदू न होता छोटा ठिपका होतो. ठिपका मोठा झाला की आपण म्हणतो, चित्र धूसर झालं. भिंगाचं तोंड लहान केलं की ठिपकाही लहान होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बारीक भोक पाडलेली काळी चकती डोळ्यासमोर धरायला देतात ना? त्यातून अक्षरं स्पष्ट दिसली तर समजायचं की दोष चष्म्याने सुटणारा आहे. लांबचं दिसत नाही तो माणूस डोळे बारीक करून बसचा बोर्ड वाचतो, तेही हेच तत्त्व.

मग सगळ्या दुर्बिणींना बारीक तोंड ठेवलं की झालं? तिथेच खरी अडचण आहे. तोंडाचा व्यास निम्मा केला की ठिपका निम्मा होतो, पण आत येणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो. शिवाय फारच बारीक केलं तर प्रकाश त्या भोकाच्या कडांशी वळून स्वतःच पसरतो आणि सगळंच चित्र मऊ पडतं. म्हणजे स्पष्टतेचा पट्टा हवा असेल तर प्रकाश मोजावा लागतो. माझ्या मते दुर्बिणीचा दोनशे वर्षांचा इतिहास हा प्रकाश कुठून आणायचा याचाच इतिहास आहे.

१८०६ साली फ्रँकफर्टच्या फिलिप बोझिनी नावाच्या तरुण डॉक्टरने शरीरात डोकावण्यासाठी एक यंत्र जाहीर केलं. फुलदाणीसारखा पत्र्याचा डबा, आत मेणबत्ती, आरसा आणि पुढे नळी. मेणबत्तीचा उजेड नळीतून आत जायचा आणि डॉक्टर दुसऱ्या बाजूने बघायचा. व्हिएन्नाच्या वैद्यकीय वर्तुळाने ते बाजूला सारलं आणि १८०९ मध्ये बोझिनी टायफसच्या साथीत रुग्णांवर उपचार करता करता गेला. वय अवघं ३५. त्याच्या नळीत भिंग नव्हतं, त्यामुळे फोकसची कटकट नव्हती. जवळ-लांब जमवून घ्यायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यातलं भिंग करायचं. अडचण एकच, उजेडाची.

१८७७ ते १८७९ या काळात मॅक्सिमिलियन नित्झेने मूत्राशय बघायच्या नळीत भिंगं बसवली. व्हिएन्नाचा उपकरणकार योझेफ लायटर त्याच्या जोडीला होता. नित्झेचं मोठेपण असं की त्याने दिवा बाहेर न ठेवता नळीच्या टोकावर, थेट मूत्राशयात नेला. प्लॅटिनमची तार विजेने तापवून लालबुंद करायची आणि ती भाजू नये म्हणून भोवती गार पाणी खेळवायचं. आज वाचतानाही अंगावर काटा येतो. पुढे काही वर्षांत एडिसनचा दिवा लहान होऊन त्या टोकावर आला आणि पाण्याची भानगड सुटली.

भिंगं आली आणि चित्र मोठं, रुंद झालं, पण नवा हिशेब मागे लागला. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. समजा नळीत ३० भिंगं आहेत, म्हणजे ६० पृष्ठभाग. शेवटी हाती किती प्रकाश उरेल? नऊ टक्क्यांहूनही कमी. १९३२ साली रुडॉल्फ शिंडलरने थोडी वाकणारी जठराची दुर्बीण तयार केली, तीत अशी डझनावारी भिंगं होती. एवढ्या अंधूक उजेडात तोंड बारीक करण्याची चैन कोणाला परवडणार?

हे कोडं सोडवणारा माणूस डॉक्टर नव्हता. हॅरॉल्ड हॉपकिन्स, लंडनच्या गरीब वस्तीत १९१८ मध्ये जन्मलेला, प्रकाशशास्त्राचा प्राध्यापक. त्याने दोन वेगवेगळ्या गोष्टी केल्या आणि लोक नेहमी त्यांची गल्लत करतात.

पहिली गोष्ट फायबरची. जठर बघायची कडक नळी पेशंटला किती त्रास देते, हे १९५१ मध्ये एका डॉक्टरने जेवणाच्या टेबलावर त्याला सांगितलं. हॉपकिन्स कामाला लागला. मदतीला पंजाबातल्या मोग्याचा, आग्र्यात शिकलेला विद्यार्थी होता, नरिंदरसिंग कपानी. केसासारख्या हजारो काचतंतूंची जुडी करून तिच्यातून चित्र नेता येतं, हा त्यांचा लेख २ जानेवारी १९५४च्या 'नेचर'मध्ये आला. त्याच आधारावर बेसिल हिर्शोविट्झने अमेरिकेत वाकणारी दुर्बीण तयार केली आणि १९५७च्या फेब्रुवारीत ती आधी स्वतःच्या घशात घातली. कपानींना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

दुसरी गोष्ट १९५९ची, कडक दुर्बिणीसाठी. आजवर नळीत मोकळी हवा आणि मधूनमधून काचेची भिंगं असत. हॉपकिन्सने उलटं केलं. नळी काचेच्या लांब कांड्यांनी भरली आणि मधल्या हवेच्या छोट्या फटींनाच भिंगाचं काम दिलं. काचेत किरण कमी पसरतात, कांड्या बसवायला कमी आधार लागतो, म्हणून बारीक नळीतूनही कितीतरी जास्त प्रकाश बाहेर येतो. कार्ल श्टोर्त्झ या जर्मन उपकरणकाराने ही कल्पना उचलली आणि त्याच सुमारास दिवा शरीराबाहेर ठेवून फायबरमधून 'थंड' उजेड आत सोडण्याची पद्धतही रूढ झाली. आता हातात प्रकाशाची शिल्लक होती. ती खर्च करून तोंड बारीक ठेवता आलं आणि स्पष्टतेचा पट्टा रुंद झाला.

इथे एक बारकावा आहे, जो मला फार आवडतो. कांड्यांच्या दुर्बिणीत चित्र शेवटपर्यंत हवेत तरंगतं, त्यामुळे डोळा लावून बघणाऱ्या सर्जनचं डोळ्यातलं भिंग त्याला थोडंफार जमवून घेऊ शकतं. तंतूंच्या जुडीत तसं होत नाही. चित्र जुडीच्या पुढच्या तोंडावर पडतं आणि तिथे जे धूसर पडलं ते धूसरच राहतं. कॅमेऱ्याच्या चिपचंही तेच. म्हणजे चाळिशी लागलेल्या सर्जनला जुन्या कडक दुर्बिणीत तरुण सहाय्यकापेक्षा किंचित कमी पट्टा मिळत असणार. कॅमेरा आल्यावर दोघं एका पातळीवर आले.

ही कडक दुर्बीण आपल्याकडे आणून रुजवण्याचं श्रेय मुंबईच्या डॉ. तेहेमतन उदवाडिया यांना जातं. १९७२ मध्ये जे. जे. रुग्णालयात त्यांनी पोटात दुर्बीण घालून निदान करायला सुरुवात केली. त्या काळी आपल्याकडे सोनोग्राफी सर्रास नव्हती, सीटी स्कॅन नव्हताच. पोटात पाणी झालेला पेशंट आला की यकृत आहे, क्षय आहे की कॅन्सर, हे ठरवायला पोट उघडण्यावाचून मार्ग नसे. उदवाडियांचा मुद्दा साधा होता: महागडी यंत्रं नाहीत म्हणूनच गरीब देशाला या नळीची जास्त गरज आहे. बेंबीजवळ छोटं छिद्र, पोटात हवा, आणि दहा-पंधरा मिनिटांत डोळ्यांनी बघून निदान. इतर शल्यचिकित्सकांनी सुरुवातीला नाकं मुरडली. त्यांनी काम सोडलं नाही आणि लहान गावांमध्येही हे तंत्र नेलं.

पोटातला क्षय दुर्बिणीतून कसा दिसतो? पोटाच्या अस्तरावर एक-दोन मिलिमीटरचे पांढरट दाणे विखुरलेले असतात. या क्षयाचं 'मिलिअरी' हे नावच लॅटिनमधल्या बाजरीसारख्या बारीक धान्याच्या नावावरून पडलं. आधी लांबून सगळं पोट एका नजरेत घ्यायचं, मग जवळ जाऊन दाणे न्याहाळायचे आणि तिथूनच तुकडा काढायचा. दरवेळी फोकसची कडी फिरवत बसावं लागलं असतं तर हे काम शिकाऊ डॉक्टरच्या हाती देता आलं नसतं. पट्टा रुंद होता म्हणून नळी पुढे-मागे सरकवली की पुरे. क्षय आपल्याकडे किती आहे हे पालघर जिल्ह्यात काम करणाऱ्याला सांगायला नको.

१९९० मध्ये उदवाडियांनी जे. जे.मध्येच दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, देशातली ती पहिली शस्त्रक्रिया. काही महिन्यांतच पुण्यात डॉ. ज्योत्स्ना कुलकर्णींनी ती सुरू केली. तोवर चिप-कॅमेरा आला होता. डोळ्याऐवजी सगळे पडद्याकडे बघू लागले आणि सहाय्यकालाही आत काय चाललंय ते दिसू लागलं. उदवाडियांना २०१७ मध्ये पद्मभूषण मिळालं, २०२३ मध्ये ते गेले.

खेड्यात मात्र 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हणजे अनेक वर्षं एकच, बायकांची नसबंदी. मुंबईच्या डॉ. प्रवीण मेहता यांनी १९८९ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकात स्वतः केलेल्या दुर्बिणीतल्या नसबंदीची संख्या दिली होती : २,५०,१३६. आकडा थक्क करणारा आहे. शिबिरांमध्ये एका दिवसात किती बायका रांगेत असायच्या याचा विचार केला की मी थोडा अस्वस्थही होतो. नियोजनाचा सगळा भार बाईवरच का, हा प्रश्न वेगळ्या लेखाचा आहे. इथे इतकंच की फोकस जुळवण्यात वेळ न घालवणारी दुर्बीण नसती तर हा वेग शक्यच नव्हता.

आता वाकणाऱ्या एन्डोस्कोपकडे येऊ. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या वेल्च ॲलिन कंपनीने तंतूंची जुडी काढून नळीच्या टोकालाच चिप बसवली. भिंग लहान, म्हणजे मोबाइलसारखा पट्टा आपोआप मिळाला. तुमच्या जठराची तपासणी होते तेव्हा डॉक्टर आत हवा का भरतात, पोट फुगल्यासारखं का वाटतं, याचं एक उत्तर इथे आहे. हवेने घड्या उलगडतात, आणि अस्तर भिंगापासून थोडं लांब जाऊन स्पष्टतेच्या पट्ट्यात येतं. भिंगाला चिकटलेलं अस्तर नुसतं लाल धुकं दिसतं.

अडचण उभी राहिली ती सुरुवातीचा कॅन्सर शोधताना. त्यासाठी अस्तरावरच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांची नक्षी बघायची असते, म्हणजे दोन-तीन मिलिमीटरवर जाऊन, मोठं करून. पण जास्त मोठं आणि जास्त बारीक तपशिलाचं चित्र हवं तर भिंगाचं तोंड मोठं लागतं, आणि तोंड मोठं झालं की पट्टा आक्रसतो. जपानी डॉक्टरांनी यावर काढलेला एक उपाय इतका साधा आहे की कौतुक वाटतं : स्कोपच्या टोकाला मऊ टोपी लावायची. टोपीची कड अस्तराला टेकवली की अंतर पक्कं राहतं, हात हलला तरी, श्वास चालला तरी. ऑलिम्पसने २०१२च्या सुमारास एकाच स्कोपमध्ये दोन फोकस दिले. नेहमीच्या पद्धतीत ५ ते १०० मिलिमीटर स्पष्ट, बटण दाबलं की २ ते ६ मिलिमीटर. आणि २०२० मध्ये आलेल्या त्यांच्या नव्या यंत्रणेतल्या काही स्कोपमध्ये बटणही गेलं. आत आलेला प्रकाश प्रिझमने दोन भागांत विभागला जातो, एक चित्र जवळच्या फोकसचं, एक लांबच्या, दोन्ही एकाच चिपवर शेजारीशेजारी पडतात आणि संगणक प्रत्येक ठिकाणचा स्पष्ट तुकडा निवडून एक चित्र जोडतो. पुन्हा तोच व्यवहार, प्रकाश अर्धा-अर्धा वाटून पट्टा विकत घेतला.

दुसऱ्या टोकाला आकार कमी करण्याची स्पर्धा आहे. २०१९ मध्ये ओम्निव्हिजन कंपनीने ०.५७५ मिलिमीटर चौरस बाजूची चिप आणली, जगातली सर्वांत लहान विक्रीची चिप म्हणून गिनेसमध्ये नोंदली गेलेली. भिंगासकट तिचा कॅमेरा ०.६५ मिलिमीटर रुंद आणि ३ ते ३० मिलिमीटरपर्यंत स्पष्ट बघणारा. पट्टा उत्तम. पण चित्र २०० गुणिले २०० ठिपक्यांचं. लहान झालात की पट्टा फुकट मिळतो, बारकावे जातात.

बारकावे सोडायचेच नाहीत असं ठरवलं तर? हृदयाच्या रक्तवाहिनीत केसासारखा तंतू घालून भिंतीचा थरन् थर बघणारी ओसीटी नावाची तपासणी आहे. १९९१ मध्ये ती डोळ्याच्या पडद्यासाठी जाहीर झाली, १९९७ मध्ये नळीच्या टोकावर आली. मुंबईत अँजिओप्लास्टी करून आलेल्या काही पेशंटच्या फाइलमध्ये तिचा अहवाल असतो. इथे प्रकाशाचा किरण एका कंबरेपाशी निमुळता होतो, डमरूसारखा. डमरूची कंबर जितकी बारीक, तितके दोन्ही बाजूंचे पाखे झपाट्याने रुंदावतात. या तपासणीत वापरतात त्या अवरक्त प्रकाशासाठी हिशेब केला तर ३० मायक्रॉन रुंद कंबर सुमारे एक मिलिमीटर लांबीपर्यंत टिकते. तीच १० मायक्रॉनची केली, म्हणजे तपशील तिप्पट बारीक, तर लांबी एका मिलिमीटरच्या आठव्या-नवव्या हिश्श्यावर येते. तिप्पट बारकाईला नऊपट दंड. केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो हे लक्षात घ्या, म्हणजे केसाच्या दुप्पट जाडीपेक्षाही कमी खोलीत सगळा खेळ.

यातून सुटण्याची एक वाट शंकूच्या आकाराच्या भिंगाने दाखवली. गोल भिंग सगळे किरण एका जागी आणतं, शंकू त्यांना एका रेषेवर ओळीने आणतो. १९८७ मध्ये अशा न पसरणाऱ्या किरणाचा अभ्यास जाहीर झाला, आणि २००२ मध्ये ओसीटीत शंकूभिंग वापरून १० मायक्रॉनचा तपशील तब्बल सहा मिलिमीटर खोलीपर्यंत टिकवून दाखवला गेला. ऐकायला जादू वाटते. पण मधल्या रेषेभोवती प्रकाशाची कडी तयार होतात, पाण्यात खडा टाकल्यासारखी, आणि प्रकाशाचा मोठा हिस्सा त्या कड्यांमध्ये वाया जातो. शंकू इतका बारीक करून तंतूच्या टोकावर अचूक बसवणं हा आणखी एक ताप. दुसरी वाट गणिताची. १९९५ मध्ये डाउस्की आणि कॅथी यांनी सुचवलं की भिंगापुढे मुद्दाम वाकडी काच लावून चित्र सगळ्याच अंतरावर सारखं धूसर करा, मग तो सारखा धूसरपणा संगणकाने काढून टाका. चित्रात मुळातच उजेड कमी असेल तर मात्र हे काढताना दाणेदार खळबळ वाढते.

डहाणू-तलासरीचे पेशंट एन्डोस्कोपीसाठी बहुधा वापी, वलसाड किंवा मुंबईला जातात. तिथे नव्या पद्धतीचा स्कोप असेलच असं नाही, आणि नेहमीच्या पोटदुखी-जळजळीच्या तपासणीला त्यावाचून अडतही नाही. एका फोकसच्या चांगल्या स्कोपनेही बहुतेक निदानं होतात, जर पोट रिकामं असेल, फेस घालवणारं औषध आधी घेतलं असेल आणि डॉक्टर नळी घाईने मागे ओढत नसतील. वजन उतरणं, काळी शौच, गिळायला त्रास अशी लक्षणं असतील आणि आधीच्या अहवालात 'संशयास्पद भाग' असं लिहिलं असेल, तर पुढच्या वेळी जवळून मोठं करून बघणारा स्कोप कुठे आहे, हे पाठवणाऱ्या डॉक्टरांना जरूर विचारा. आधीच्या तपासणीचे फोटो फाइलमध्ये सोबत न्या, काळेपांढरे झेरॉक्स नव्हे, मूळ रंगीत.